कोयता

कोयता : ऊस तोडण्याचे लोखंडी हत्यार. बीड जिल्ह्यात मात्र कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे. ‘टोळीत दहा कोयते’ म्हणजे वीस माणसे. जोडीदाराविना जाणारा मजूर हा ‘अर्धा कोयता’. विधवा आणि टाकून दिलेल्या बायकांची नोंद अशीच होते.

धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात जातात. निघण्याआधी मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, ‘उचल’ देतो. ही आगाऊ रक्कम कोयत्यामागे ठरते आणि हंगामभर तोडीतून फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते.

फडात पुरुष बुडख्याला घाव घालून ऊस पाडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढून वर देते. मजुरी टनावर मिळते, तीही दोघांची मिळून एक, आणि ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. पहाटे उठून खोपीत भाकरी थापण्यापासून राबणाऱ्या बाईचा हिशेब कुठेच वेगळा लिहिला जात नाही. या शब्दातला खरा अन्याय तो हाच.

दोघांपैकी एक जण आला नाही तरी ‘खाडा’ पडतो आणि दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांतही बाईला सुट्टी परवडत नाही. जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खाड्याची धास्ती हे या शस्त्रक्रियांमागचे एक कारण मानले जाते. उचल जोडप्याला मिळते, म्हणून पोरांची लग्ने लवकर उरकली जातात. हंगामाच्या तोंडावर घाईने लागणाऱ्या अशा लग्नाला ‘गेटकेन’ म्हणतात.

मजुरांच्या संपाचे नावही ‘कोयता बंद’ असेच आहे. मजूर संघटना आणि साखर कारखाने यांच्यातील जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. ही वाढही टनामागेच आहे; बाईच्या नावाने स्वतंत्र मजुरी तिच्यात नाही.