एका दात्याची विद्याशाळा

नोकरीत मुरलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसवावे आणि त्याच्याच धंद्याचे शास्त्र त्याला रीतसर शिकवावे, हा विचार सोपा. तो अमलात आणणारे मात्र थोडे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७९ साली निघालेली वांग इन्स्टिट्यूट ही त्या थोड्यांपैकी एक.

तिचे संस्थापक आन वांग मूळचे शांघायचे. १९४५ साली ते अमेरिकेत आले, १९४८ साली हार्वर्डचे डॉक्टर झाले आणि १९५१ साली त्यांनी स्वतःचा उद्योग काढला. मजकूर टंकून दुरुस्त करणारी त्यांची यंत्रे पुढे कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचली.

त्या काळी संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे मिळत. पण अनेकांनी मिळून करावयाचे हे काम मुदतीत, बेताच्या खर्चात आणि निर्दोष कसे तडीस न्यावे, हे जाणणारे विरळा. १९६८ साली गार्मिश येथील परिषदेने या विद्येला ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ करून दिले. पण बारसे झाले म्हणजे मूल वाढले, असे नव्हे! टिंग्सबरो येथील या शाळेने त्या विद्येची पदव्युत्तर पदवी देऊ केली. विद्यार्थी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन येत. अभियांत्रिकीच्या जोडीला ते व्यवस्थापन शिकत आणि गटाने एखादा प्रकल्प पुरा करून दाखवीत.

ही शाळा १९८७ साली बंद झाली. शिकवण्यात खोट नव्हती. खोट होती ती आधारात. तिचा भार मुख्यतः वांग यांच्या औदार्यावर होता. स्वस्त वैयक्तिक संगणक आले, वांग यांच्या यंत्रांची मागणी घटली आणि उद्योगाबरोबर शाळेचाही झरा आटला. इमारत बोस्टन विद्यापीठाकडे गेली. १९९० साली वांग वारले आणि १९९२ साली त्यांच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

कोणी म्हणेल, एका माणसाच्या मर्जीवर शाळा काढावीच कशाला? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. नव्या विद्येसाठी पहिली थैली बहुधा एकटाच माणूस सोडतो. दहाजणांचे एकमत होण्याची वाट पाहिली तर वेळ निघून जाते. मात्र शाळा उभी राहिल्यावर तिला स्वतःचा निधी आणि अनेकांचा पाठिंबा मिळवून देणे, हे दात्याचे दुसरे आणि अधिक कठीण कर्तव्य होय.

१९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाने याच विद्येची पदव्युत्तर पदवी सुरू केली. विद्येला दुसरे घर मिळाले. शाळेला मात्र मिळाले नाही.