घरची शाळा, पलटणीची शाळा आणि मराठवाडा

शाळेत न जाता घरीच शिकणे आणि पुढे सैन्यात जाणे, हा आज काही सुखवस्तू कुटुंबांच्या निवडीचा विषय झाला आहे. अस्पृश्य समाजाच्या इतिहासात मात्र अशी निवड नव्हती. गावच्या शाळेचे दार बंद होते म्हणून अक्षर घरी शिकावे लागले, आणि ते घरात आले तेही पलटणीच्या वाटेने. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांचा अर्थ आपल्याला लागणार नाही.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही त्याची बाजू घेतली नाही. सरकारची शाळा अशी वागत असताना त्याच सरकारच्या पलटणीत महार शिपाई होते, आणि छावणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत होते. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर दापोली, सातारा, मुंबई असा प्रवास करताना त्यांनी घरात अभ्यासाची शिस्त मोडू दिली नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतरांपासून वेगळे, तरटावर बसावे लागे. घरी मात्र बाप स्वतः शिकवीत होता. बाबासाहेबांच्या विद्वत्तेमागे ही घरची शाळा आहे, आणि त्या शाळेमागे शिपायाचे निवृत्तिवेतन आहे. हा दुसरा भाग आपण सहसा विसरतो.

१८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताच्या आधारे महारांची भरती बंद झाली. त्या दिवशी केवळ नोकरी गेली असे नाही. छावणीची शाळा गेली, पेन्शन गेले आणि त्यावर उभी राहणारी पुढची शिकलेली पिढी गेली. म्हणूनच निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी मांडली. हे अर्ज लिहिणारे हात पलटणीच्या परंपरेतून आले होते किंवा तिच्या स्मृतीतून. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. बाबासाहेबांनी त्यासाठी सतत पाठपुरावा केला होता.

आता प्रश्न मराठवाड्याचा. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कोकण-साताऱ्यात जशी पेन्शनरांची वस्ती उभी राहिली, तशी इथे राहू शकली नाही. इथल्या वाट्याला वतनाची वेठ आली. राज्याच्या उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. म्हणजे मराठी बोलणाऱ्या महार-मांगांना दुहेरी कुलूप. ज्या घरात शिकलेला बापच नाही, तिथे घरची शाळा भरणार कशी? १९३८ ची मक्रणपूर परिषद आणि १९४१ ची कसबे तडवळ्याची महार-मांग वतनदार परिषद या दोन्हींना म्हणूनच महत्त्व आहे. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून पहिली पिढी तिथे पोचली. त्या पिढीची किंमत १९७८ मध्ये वसूल केली गेली. नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जीव गमवावा लागला. वस्त्या जाळल्या गेल्या. घर जळाले की घरातली वह्या-पुस्तकेही जळतात.

आज सैन्याचे दार जातीने बंद नाही, पण ते कागदाने बंद होऊ शकते. साध्या शिपायाच्या जागेसाठी दहावीचे गुणपत्रक लागते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे पोर आठवीत शाळा सोडते. ते घरी, फडावर कितीही शिकले तरी कागदाशिवाय रांगेत उभे राहू शकत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी हा त्यावरचा एक रस्ता आहे. किती कार्यकर्त्यांनी तो आपल्या वस्तीत सांगितला आहे?

दुसरे असे की, २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होतात, आणि उरलेल्यांना पेन्शन नाही. शिपायाला गणवेश मिळेल, पण रामजींसारखे म्हातारपणी मुलाला घेऊन बसण्याइतके स्वास्थ्य मिळेल का? आपला सैन्याशी असलेला संबंध केवळ शौर्याचा नव्हता. कोरेगावच्या स्तंभापुढे आपण मान लवतो ती योग्यच आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी बंदुकीबरोबर पाटीही मागितली होती. ती मागणी आजही पुरी झालेली नाही, आणि ती पुढे चालविणे हे आपले काम आहे.