विहिरीतले पोहणे

दख्खनच्या पठारावरील खेड्यांत पोहणे शिकवणारा वेगळा गुरू सहसा नसे. मोटेच्या विहिरीवर, म्हणजे बैलांकरवी चामड्याच्या मोटेने पाणी उपसण्याच्या विहिरीवर, थोरला भाऊ किंवा चुलता मुलाच्या पाठीला वाळलेला दुध्या भोपळा अथवा वजनाला हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका बांधी आणि कमरेच्या दोराचे टोक हातात धरून त्याला पाण्यात सोडी. भोपळा मात्र पुरता वाळलेला आणि बिनचिरेचा लागे, कारण बारीक चिरेतूनही पाणी शिरून तो जड होई. पुढे त्याची जागा झाकण पक्के बसवलेल्या पत्र्याच्या डब्याने घेतली.

ही शाळा सर्वांना खुली होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण जेथे पाणी पिण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, तेथे गावविहिरीत उडी मारण्याची मोकळीक जातीवरच ठरे. मोटेऐवजी पंप आले, 1972 च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या, आणि जेमतेम वीतभर तोंडाच्या त्या विहिरींत पोहणे शक्यच नव्हते.