आठवारी आणि नऊवारी

निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी पोशाखाची ओळ होती: हायलँडचा पोशाख, काळा टाय, किंवा आपापला राष्ट्रीय पोशाख. मी तेव्हा ग्लासगोतल्या एका शाळेत गणित शिकवत होते, आणि स्कॉटिश वारशाच्या नावाने दरवर्षी भरणाऱ्या एका नृत्यसमारंभाला आम्ही सगळे शिक्षक जाणार होतो. माझा राष्ट्रीय पोशाख कोणता, हे मी नाहूरला फोन करून आईला विचारले. ती म्हणाली, "पाडव्याची नऊवारी घातलीय मी तुझ्या बॅगेत. तळाशी बघ."

पाडव्याची, म्हणजे मुलुंडच्या स्वागतयात्रेसाठी विकत घेतलेली शिवलेली नऊवारी. सलवारीसारखी पायांत चढवायची, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकला की झाले. माझ्या आजीने आयुष्यभर लुगडे नेसले. तिने हा प्रकार पाहिला तेव्हा म्हणाली होती, "हे लुगडं नव्हे, लुगड्याचं सोंग." त्या संध्याकाळी हे सोंग घालून मी सभागृहात शिरले, तेव्हा थोडी ओशाळलेच होते. अस्सल परंपरा जपणाऱ्यांच्या घरी आपण नकली माल घेऊन आलो, असे वाटत होते.

पण शेजारी बसलेल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकले की त्याचा किल्ट भाड्याचा आहे. चांगला किल्ट आठ यार्डांचा असतो, म्हणाला, आणि तेवढे पैसे त्याच्याकडे नाहीत. आठ यार्ड, म्हणजे आठ वार. मी मनातल्या मनात हसले. पुढे दोन वर्षे ग्लासगोच्या ग्रंथालयांत जे वाचले त्याचे मूळ त्या आठ वारांत आहे.

हायलँडमधला जुना पुरुषी पोशाख शिवलेला नव्हताच. लोकरीच्या लांब कापडाचे दोन पट्टे जोडून रुंदी वाढवायची, ते जमिनीवर पसरून हाताने चुण्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. दिवसा वस्त्र, रात्री पांघरूण. नेसण्याचे कसब अंगात हवे. आजचा किल्ट म्हणजे त्याचा खालचा अर्धा भाग, चुण्या शिवून पक्क्या केलेला. ही सुधारणा १७२०-३० च्या सुमारास टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी केली, अशी हकीकत १७८५ साली एडिंबरोच्या एका मासिकात छापून आली. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ मध्ये तिच्याच आधारे किल्टची भरपूर टर उडवली. अनेक स्कॉटिश अभ्यासकांना ती हकीकत मान्य नाही. मला विचाराल तर शोध कोणी लावला हा प्रश्न गौण आहे. कोणीतरी चुण्या शिवल्या, आणि कोणाच्या तरी आजीने नाक मुरडले असणार.

गौण नाही तो पुढचा भाग. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढणाऱ्या हायलँडरांचा पराभव झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला: स्कॉटलंडमध्ये पुरुषाने वा मुलाने हायलँडचा पोशाख केल्यास सहा महिने तुरुंग, पुन्हा केल्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. हा कायदा १७८२ पर्यंत टिकला. म्हणजे दीड पिढी. एवढ्या काळात नेसण्याचे कसब विसरायला होते. सूट एकच होती, राजाच्या सैन्यात भरती होणाऱ्यांना. ज्याला आजोबांचे कपडे घालायचे असतील त्याने ज्यांनी ते घालायला बंदी केली त्यांच्यासाठीच लढावे, असा तो सौदा होता. टार्टनचे पट्टेही बव्हंशी याच वाटेने टिकले. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीचे माग पलटणींना कापड पुरवत होते. त्यांच्या नमुन्यांना कधी नुसते आकडे असत, कधी गावांची नावे; अमुक पट्टा अमुक कुळाचा हे पक्के होत गेले ते नंतर.

मग ऑगस्ट १८२२. पावणेदोनशे वर्षांत गादीवरचा राजा स्कॉटलंडला आला नव्हता, तो चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सोहळ्याची आखणी वॉल्टर स्कॉटकडे होती. त्यातल्या एका नृत्यसमारंभासाठी नियम निघाला की लष्करी गणवेशात नसेल त्याने हायलँडचा प्राचीन पोशाखच करावा. हायलँडरांना चोर-दरोडेखोर समजणारे एडिंबरोचे सभ्य गृहस्थ शिंप्यांकडे धावले. राजाने स्वतः किल्ट घातला, खाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे चढवून. आमच्या निमंत्रणपत्रिकेवरच्या त्या ओळीची आजी हीच. आणि याच सुमारास सदरलंडसारख्या जहागिरींतून मेंढ्यांना कुरणे हवीत म्हणून खऱ्या हायलँडरांची घरे मोडली जात होती. माणसे किनाऱ्याकडे आणि पुढे कॅनडाकडे चालली होती, त्यांचे कपडे दिवाणखान्यात आले होते.

इथवर ही परक्यांची गोष्ट होती. जेवणानंतर ती बदलली.

समोर बसलेल्या वृद्ध गृहस्थांच्या कोटावर एक जुना बिल्ला होता. तारा, त्यावर रणशिंग, आणि तळाशी चिमुकला हत्ती. स्कॉटलंडमध्ये हत्ती कशाला म्हणून मी वाकून पाहिले. हत्तीच्या वरच्या पट्टीवर एक शब्द होता, तो मला वाचता येईना. आणि मग एकदम वाचता आला. असई.

बिल्ला त्यांच्या आजोबांचा, हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा. १८८१ साली दोन पलटणी जोडून ही पलटण झाली, त्यातली एक ७४ वी. ती १७८७ मध्ये मुद्दाम हिंदुस्थानात लढण्यासाठीच उभारली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी, आर्थर वेलस्लीच्या फौजेत ती शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी राहिली. पुढच्या तुकडीचा अधिकारी हुकूम चुकीचा समजून थेट गावावरच्या तोफांच्या रोखाने निघाला आणि ७४ वी त्याच्या मागोमाग गेली. शिंद्यांच्या तोफखान्याने तिची चाळण केली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. लढाई कंपनीने जिंकली. हत्तीचा मान या पलटणीबरोबर तिथे लढलेल्या मद्रासी शिपायांच्या पलटणींनाही मिळाला, आणि भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो हत्ती आजही आहे. ७४ व्या पलटणीचा किल्ट मात्र १८०९ मध्ये सरकारनेच काढून घेतला, कारण हायलँडबाहेरचे तरुण तो घालून भरती व्हायला तयार नसत!

हे सगळे मला त्या रात्री ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते एवढेच की असई हे आपले गाव आहे आणि तिथे आपण हरलो. गृहस्थांना तेही ठाऊक नव्हते. घरात असई हा शब्द नेहमी असायचा, ते म्हणाले, पण तो जागेचा की माणसाचा हे त्यांनी कधी विचारले नव्हते. मी रुमालावर नकाशा काढला: मुंबई, औरंगाबाद, अजिंठा, मध्ये कुठेतरी एक ठिपका.

"तुम्ही गेला आहात तिथे?"

अजिंठ्याला मी शाळेच्या सहली घेऊन दोनदा गेले होते. असई तिथून फार लांब नाही. मुलांना लेण्यांतले हत्ती दाखवले होते. म्हटले, "नाही."

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथे आमची माणसं पुरलेली असतील."

"आमचीही," मी म्हटले.

तेवढ्यात पुढचा नाच पुकारला गेला. इथल्या मुलांना हे नाच शाळेत, नाताळच्या आधी, व्यायामाच्या तासाला शिकवतात. मला एकही येत नव्हता. त्यांनी हात पुढे केला. नाचात इतक्या गिरक्या होत्या की नेसलेले लुगडे टिकले असते की नाही, देव जाणे. नाडी पक्की होती.