घराच्या राखणीची बंदूक
अठराव्या शतकात अमेरिकेच्या सरहद्दीवर घर थाटणाऱ्या शेतकऱ्यापुढे पहिली बंदूक निवडताना मोठा पेच असे. गुळगुळीत नळीची बंदूक झटपट ठासता येई, पण तिचा नेम बेभरवशाचा. पेन्सिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांची रायफल नळीतील पिळदार खाचांमुळे अचूक. मात्र ती ठासण्यास अर्धे मिनिट तरी जाई. दोहोंचा वैरी एकच, पाऊस! रंजक सादळली की चाप ओढणे व्यर्थ. १८०७ साली स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या दारूच्या युक्तीचे पेटंट घेतले. तिच्यातूनच पुढे पावसाला सहसा न जुमानणारी टोपीची बंदूक निघाली. शस्त्र भरवशाचे झाले. परंतु ज्या भूमीवर ती घरे उभी राहिली, तेथील मूळ रहिवाशांच्या घरांना मात्र राखणदार उरला नाही.