‘योगदान’ या शब्दाआड

सागरी शोधयुगाच्या आरंभी ज्यू विद्वानांनी बजावलेल्या कामगिरीच्या गौरवार्थ स्मृतिपदक काढायचे, तर कोरण्याजोग्या प्रतिमांची वाण नाही. नकाशा आहे, अ‍ॅस्ट्रोलेब आहे, शिडांचे जहाज आहे. प्रश्न उरतो तो भोवतीच्या ओळीत हमखास येणाऱ्या ‘योगदान’ या शब्दाचा. या शब्दात ‘दान’ आहे आणि दान करणारा स्वतंत्र असावा लागतो. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंविषयी हे गृहीतक कितपत टिकते?

मायोर्का बेटावरील ज्यू नकाशाकार अब्राहम क्रेस्केस याच्या नावाशी १३७५ च्या सुमाराचा ‘कातालान अ‍ॅटलास’ जोडला जातो. आज तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेला आहे. त्याचा मुलगा जाफुदा हाही नकाशाकारच. १३९१ च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर त्याला ख्रिस्ती व्हावे लागले आणि तो जाउमे रिबेस झाला. नकाशे हवे होते. ते काढणाऱ्याचे नाव मात्र नको होते.

अब्राहम झाकुतोची कथा याहून बोलकी आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे विषुववृत्त ओलांडले की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि उत्तरेच्या खलाशाचा जुना आधार सुटतो. मग माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजायची आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती कोष्टकात पाहून अक्षांश काढायचा, हा मार्ग उरतो. अशा गणिताला लागणारी कोष्टके सालामांका येथे झाकुतोने १४७० नंतरच्या दशकात हिब्रूत सिद्ध केली होती. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा तो पोर्तुगालला आला आणि राजज्योतिषी झाला. जुझे विझिन्यो या ज्यू ज्योतिर्विदाने त्याच्या कोष्टकांना लॅटिन रूप दिले. १४९६ मध्ये लैरिया येथे एका ज्यू मुद्रकाच्या छापखान्यात ती छापली गेली. त्यांवर आधारलेले तक्ते पोर्तुगीज खलाशांच्या हाती आले.

आता तारखा पाहाव्यात. त्याच १४९६ च्या डिसेंबरात राजा मानुएलने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला. स्पेनच्या राजकन्येशी होणाऱ्या विवाहाची ती किंमत होती. १४९७ मध्ये हद्दपारीऐवजी सक्तीचे बाप्तिस्मे झाले, आणि त्याच वर्षी ८ जुलैला वास्को द गामाची जहाजे लिस्बनहून निघाली. झाकुतो उत्तर आफ्रिकेत निघून गेला. ट्युनिसमध्ये १५०४ साली त्याने ‘सेफेर युहासिन’ हा ज्यू विद्वानांच्या परंपरेचा इतिहास पूर्ण केला. आकाशाचे गणित मांडणाऱ्या माणसाला अखेर आपल्या गुरुपरंपरेची नोंद करून ठेवणे अगत्याचे वाटले, याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

द गामाच्या प्रवासाचे दुसरे टोक आपल्या परिसरात आहे. १४९८ मध्ये परतीच्या वाटेवर त्याची जहाजे गोव्याच्या दक्षिणेस, कारवारजवळच्या अंजदीव बेटाशी थांबली असता एक माणूस भेटीला आला. तो मूळचा ज्यू आणि आदिलखानाच्या सेवेतला होता. हेर समजून त्याला फटके मारण्यात आले, पकडून पोर्तुगालला नेण्यात आले आणि बाप्तिस्मा देऊन ‘गास्पार द गामा’ करण्यात आले. १५०० च्या काब्रालच्या मोहिमेत तो दुभाषा म्हणून होता. अनेक भाषांचे आणि या किनाऱ्याचे त्याचे ज्ञान उपयोगी पडले, हे निर्विवाद. पण त्याला ‘योगदान’ म्हणताना जीभ अडखळायला हवी.

ज्या जलमार्गाला या विद्येचा हातभार लागला, त्याच मार्गाने १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. सक्तीने धर्मांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातला वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली गोव्यात वारला. १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली.

मग पदक काढूच नये काय? अवश्य काढावे, विस्मरणापेक्षा पदक बरे. मात्र गौरवाच्या भाषेत घेणारा सहज निर्दोष ठरतो, हे ध्यानात ठेवावे. ‘यांनी दिले’ असे म्हटले की ‘यांच्याकडून कसे घेतले’ हा प्रश्न मिटतो. म्हणून अशा पदकावर अ‍ॅस्ट्रोलेबइतकीच जागा १४९७ या सालाला द्यावी. आणि ज्यांना दोन नावांनी जगावे लागले, त्यांची दोन्ही नावे कोरावीत.