नादारीच्या कायद्याचे आचार्य : सर दिनशा मुल्ला

महोत्सवाच्या या पुस्तिकेंत कायद्याच्या एका प्राध्यापकाची हकीकत कां, असा प्रश्न कांहींच्या मनांत येईल. त्याचें उत्तर ज्युबिली या शब्दांतच आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष हें ज्युबिलीचें वर्ष होय. त्या वर्षीं विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबास परत मिळे, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या सेवेंत गेलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरीं जाई. ऋणकोची सुटका हा विषय आपणांस परका नाहीं; जतसारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत तर तो घरोघरचा आहे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला. दंगा पसरत गेला, आणि ठिकठिकाणीं कर्जरोखे जाळण्यांत आले. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. रोख्यावरील आंकड्यावर न विसंबतां मागील सर्व हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. जत हें त्या काळीं डफळे घराण्याचें संस्थान होतें. मुंबई प्रांतांत तें १९४८ सालीं विलीन झालें.

हा कायदा झाला तेव्हां दिनशा फरदुनजी मुल्ला हे शाळकरी वयाचे होते. त्यांचा जन्म १८६८ सालचा, कुटुंब पारशी. मुंबईंत त्यांनीं वकिली केली व १८५५ सालीं स्थापन झालेल्या सरकारी विधि महाविद्यालयांत अध्यापन केलें. याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आलें. दिवाणी प्रक्रिया संहिता, हिंदु कायदा आणि मुसलमानी कायदा यांवर मुल्लांनीं ग्रंथ लिहिले. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासमवेत केलेलें कराराच्या कायद्यावरील त्यांचें भाष्य तर सर्वविश्रुत आहे. या ग्रंथांच्या सुधारलेल्या आवृत्त्या वकीलवर्ग आजही वापरतो.

नादारीच्या कायद्याचे मात्र त्या वेळीं दोन भाग होते. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांस १९०९ चा कायदा, आणि मुफसल मुलुखास १९२० चा. कलकत्ता विश्वविद्यालयाच्या टागोर व्याख्यानमालेंत मुल्लांनीं १९२९ सालीं हाच विषय घेतला, आणि दोन्ही कायदे एकत्र उलगडून दाखविले. हीं व्याख्यानें पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. १९३० सालीं त्यांची नेमणूक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर झाली. भागीदारीच्या १९३२ च्या कायद्याचा मसुदा तपासणाऱ्या विशेष समितींतही ते होते. १९३४ सालीं त्यांचें निधन झालें.

आतां १९२० च्या कायद्याचें मर्म पाहूं. नादार ठरलेल्या मनुष्याची मालमत्ता न्यायालयाच्या अथवा रिसीव्हरच्या ताब्यांत जाई. त्यानंतर कोणाही सामान्य धनकोस परवानगीवांचून एकट्यानेंच वसुली करतां येत नसे. अग्रहक्काचीं देणीं फिटल्यावर बाकी सर्वांस प्रमाणशीर वांटणी होई. जो आधीं दाराशीं आला त्यालाच सर्व, असें होत नसे. स्वयंपाकाचीं भांडीं, अंगावरील कपडे, कारागिराचीं हत्यारें व शेतकऱ्याचीं औतें आणि बैल हीं जप्तींतून सुटत. धनकोंना चुकविण्यासाठीं नातलगाच्या नांवें केलेलें बक्षीसपत्र रद्द होऊं शके. मालमत्तेंतून रुपयास आठ आणेही निघत नसतील, तर हें आपल्या दोषानें झालें नाहीं असें ऋणकोस दाखवावें लागे. नाहीं तर पूर्ण मुक्ति मिळत नसे. लबाडीनें केलेलें कर्ज तर मुक्तीनंतरही मानगुटीस राही.

म्हणजे कायद्यानें दोन माणसांत भेद केला. पाऊस न पडल्यानें अथवा धंदा बुडाल्यानें नाडलेला एक, आणि दडवादडवी करणारा दुसरा. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हाच भेद मानला. ऐपत नसलेल्या ऋणकोस केवळ पैसे फेडले नाहींत म्हणून तुरुंगांत टाकतां येणार नाहीं, त्याची बदनियत सिद्ध व्हावी लागेल, असा तो निर्णय होता. २०१६ सालीं दिवाळखोरीची नवी संहिता आली, व कंपन्यांचीं प्रकरणें तिच्याखालीं चालूं लागलीं.

गांवांत मात्र हा भेद अद्याप पुरता रुजलेला नाहीं. ज्याच्या दारीं वसुलीचा मनुष्य उभा राहतो, तो सोयऱ्यांत जात नाहीं, आणि मंदिरांत आला तरी मागच्या बांकावर बसून लवकर निघून जातो. आपणही त्यास हांक मारीत नाहीं. कायद्याचे आचार्य अशा मनुष्याचें म्हणणें ऐकून घेण्याची रीत घालून गेले. त्याच्या पंक्तीस बसणें, आणि सर्व हिशेब घेऊन वेळींच चांगल्या वकिलाकडे जाण्यास त्यास धीर देणें, हें आपलें काम आहे. कर्ज लपवूं नये, आणि कर्जबाजाऱ्यासही कोणीं लपावयास लावूं नये.